काचेच्या पेटीतलं हिरवं

शाळेतला एक प्रयोग तुम्हाला आठवत असेल. चंचुपात्रात पाणी, त्यात हायड्रिलाच्या काड्या, त्यांच्यावर पालथं नरसाळं आणि नरसाळ्याच्या नळीवर पाण्यानं भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवलं की काड्यांमधून बुडबुडे निघतात आणि परीक्षानळीत ऑक्सिजन जमतो. त्याची आकृती मी इतकी सुबक काढली होती, की गुरुजींनी वही वर्गभर फिरवली. प्रयोग मात्र कधी पाहिला नाही. आमच्या शाळेत नरसाळंच नव्हतं! पुढं मी बी. ए. झालो, कविता लिहू लागलो आणि हायड्रिला वहीतच राहिली. ती मला भेटली पन्नाशी उलटल्यावर, कारेगावच्या घरात, दोन फुटी फिश टँकमध्ये.

आमचं कारेगाव नगर रस्त्यावर, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला खेटून. मुलगा तिथंच कारखान्यात आहे. टँक त्यानं आणला. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. ५५ लिटरच्या आसपास पाणी मावतं. सोबत सहा गप्पी मासे आणि प्लास्टिकची झुडपं. मुलीची मुलगी तेव्हा आमच्याकडे राहून चौथीत शिकत होती. तिनं दोन दिवस टँक न्याहाळला आणि विचारलं, "नाना, तुम्ही कवितेत एवढी झाडं लिहिता, मग माशांना प्लास्टिकची का?"

मला उत्तर सुचलं नाही. त्याच रविवारी पुण्याला जाऊन मी एका दुकानातून जांभळट-लाल पानांची जुडी आणली. निवड कशी केली? रंग पाहून. कवी माणूस!

ती जुडी पाण्यातली नव्हतीच. कुंडीत वाढणारी काही झाडंसुद्धा टँकसाठी म्हणून विकली जातात. पाण्याखाली ती थोडे दिवस टवटवीत दिसतात, मग कुजू लागतात. पानं कुजली की पाण्यात अमोनिया वाढतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. एका सकाळी तीन मासे तरंगत होते. नात काही बोलली नाही. तिनं ते मासे परसातल्या डाळिंबाखाली पुरले. त्या दिवशी तिनं मला एकदाही नाना म्हणून हाक मारली नाही.

मग मी एका जुन्या स्नेह्याला गाठलं. ते वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी झाडाचं नावही न काढता विचारलं, "घरात पाणी कुठलं?" बोअरचं, मी म्हटलं, चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतं. आमचा हा भाग कमी पावसाचा, काळ्या खडकाचा. बोअरचं पाणी जड. ते म्हणाले, "मग झाड पाण्याला विचारून घ्या, डोळ्यांना विचारून नको." हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया या दोन्ही वनस्पती जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन उचलतात. पुष्कळ नाजूक झाडांना हे जमत नाही. ज्या पाण्याला आम्ही रोज नावं ठेवतो, त्यातूनच त्यांचं अन्न तयार होतं.

व्हॅलिसनेरियाबद्दल त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी थक्कच झालो. तिची नर फुलं पाण्याखाली देठापासून सुटतात आणि तरंगत वर येतात. मादी फुलाचा लांबलचक देठ त्याला पृष्ठभागापर्यंत नेतो. तिथं भेट झाली, की तोच देठ स्प्रिंगसारखा वळतो आणि फळाला खाली, पाण्यात ओढून घेतो. आमच्या टँकमध्ये अजून फूल आलेलं नाही. हरळीसारखे फुटवे फेकत ती आपली पसरते आहे.

सातारकडच्या एका मित्रानं कासच्या पठारावरून वायतुऱ्याचा कंद आणून देतो म्हटलं. तुऱ्याला दोन फाटे फुटणारी ही पाणवनस्पती सह्याद्रीच्या मोजक्याच सड्यांवर उगवते. मी हात जोडले. तिथलं तिथंच राहू दे, बाबा.

लावण्याची रीत सोपी आहे, पण मी तिथंही चुकलो. जुडीचं रबर आणि असल्यास शिशाची पट्टी काढायची, सडकी पानं खुडायची, पानांमागे चिकटलेली गोगलगाईंची अंडी बोटानं पुसायची, मग झाडं स्वच्छ पाण्यात धुवायची. वाळू दोन-तीन इंच. व्हॅलिसनेरियाची मुळं वाळूत जातात, पण मुळं आणि पानं जुळतात तो पांढरट भाग वर राहायला हवा. मी ती उसाच्या कांडीसारखी दाबून टाकली होती! अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं खोड तर पुरायचंच नाही, दोऱ्यानं दगडाला बांधायचं. पुरलं की कुजतं. दिवा सात-आठ तास पुरे. खिडकीचं थेट ऊन पडलं तर काच शेवाळानं हिरवी होते. सुरुवातीला जुनी पानं गळतात, तेव्हा घाबरून उपटाउपटी करू नये. मला ते दहा-बारा दिवस जड गेले. रोज सकाळी नातीच्या आधी उठून मी टँक पाहत असे.

आणि एका संध्याकाळी हायड्रिलाच्या कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची बारीक माळ वर चढताना दिसली. मी घरातल्या सगळ्यांना बोलावलं. बायको म्हणाली, "यात काय एवढं?" नात मात्र खुर्ची ओढून बसली.

महिनाभरात हायड्रिला इतकी माजली, की बादलीभर छाटणी निघाली. नात ती बादली ओढ्यात रिकामी करायला निघाली, तेव्हा मी तिला अडवलं. आपल्या नद्यांवर पसरणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. सुंदर फुलांसाठी ती आपल्याकडे आणली गेली. आणि हायड्रिला? ती आपल्याकडचीच, पण १९५०च्या दशकात फिश टँकसाठी म्हणून अमेरिकेत फ्लोरिडाला गेली आणि टँकबाहेर पडून तिथले कालवे, तळी तिनं बुजवली. म्हणजे आपली हायड्रिला ही त्यांची जलपर्णीच! शिवाय टँकच्या जुडीतून आणखी काय काय आलेलं असतं, हे आपल्याला कुठं ठाऊक असतं? म्हणून छाटणी गच्चीवर पसरून कडक उन्हात वाळवायची आणि डाळिंबाच्या बुंध्याशी घालायची, असं ठरलं.

मी बादली उचलून जिन्याकडे निघालो, तर मागून हाक आली, "नाना, थांबा!" तिनं बादलीत वाकून पाहिलं. छाटणीच्या गुंत्यात काळ्या डोळ्यांचे बारीक ठिपके हलत होते. गप्पींची पिल्लं. मोठे मासे ती खाऊन टाकतात, म्हणून ती दाट झाडीत दडतात. आम्ही दोघांनी चहाच्या गाळणीनं एकेक पिल्लू वेचून परत टँकमध्ये सोडलं. तिच्या मोजणीनं अकरा, माझ्या मोजणीनं दहा.