पट्टीवरील अक्षरें आणि औषध घेणारा



औषध वेळेवर घ्यावें, हें आपण एकमेकांस नित्य सांगतों. परंतु तें ओळखावें कसें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. ज्यास वाचतां येत नाहीं तो गोळी रंगावरून ओळखतो. एके दिवशीं दुकानदार तेंच औषध दुसऱ्या कारखान्याचें देतो. वेष्टन बदललें म्हणजे घरांतील आजीबाई त्यास निराळें औषध समजतात आणि जुन्या गोळीबरोबर नवीही घेतात. मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी अशी दुप्पट झाली, तर घेरी येऊन माणूस पडतो. क्वचित् उठतही नाहीं.

अशांस अडाणी म्हणण्याची घाई कोणी करूं नये. फाळणीनंतर येथील कल्याण कॅम्पांत सिंधी निर्वासित आले व १९४९ सालीं त्याचें उल्हासनगर झालें. त्या पिढींतील अनेकांस अरबी वळणाची सिंधी लिपि उत्तम वाचतां येई. रोमन अक्षरें मात्र परकीं. अंबरनाथच्या कारखान्यांत नाना प्रांतांचे कामगार आले. बदलापूरच्या पलीकडील पाड्यांवर शाळाच उशिरां पोंचली. पट्टीवरील नांव पाहावें तर इंग्रजी, तेंही मुंगीएवढें. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रचलित औषधांवर क्यूआर कोड आला आहे. पण फोननें टिपून पुन्हा वाचावयाचेंच असेल, तर या मंडळींचें काय साधलें, हें आम्हांस उमगत नाहीं.

याहून शहाणपणाची रीत हिवतापाच्या सरकारी कार्यक्रमांत दिसली. २०१३ च्या मार्गदर्शिकेंत फॅल्सिपेरम हिवतापाच्या गोळ्यांचीं पाकिटें वयानुसार रंगांचीं ठरविलीं होतीं: तान्ह्यास गुलाबी, १ ते ४ वर्षांस पिवळें, ५ ते ८ हिरवें, ९ ते १४ तांबडें, मोठ्यांस पांढरें. प्रतिजैविकांच्या पट्टीवर उभी तांबडी रेघ असते. ती दिसली कीं डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून गोळी घेऊं नये, असें २०१६ पासून केंद्र सरकार सांगत आलें आहे. हें कळावयास अक्षर लागत नाहीं.

रोजंदारीवाला सबंध पट्टी घेत नाहीं. चार गोळ्या कापून घेतो, आणि मुदतीची तारीख बहुधा दुकानांतच राहते. तेव्हां मुदत विचारून घ्यावी, बिल मागावें, व पुडीवर सूर्य-चंद्र काढून जितक्या गोळ्या तितक्या रेघा ओढून घ्याव्यात. "समजलें ना?" या प्रश्नास लाजेनें सर्वच होय म्हणतात, म्हणून दुकानदारानें तो विचारूं नये, घेणाऱ्याकडूनच परत वदवून घ्यावें. सर्दीच्या कित्येक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेंच. वर तापाची गोळी घेतली तर मात्रा वाढून यकृतास अपाय होऊं शकतो. मुलांच्या पातळ औषधाचे ५ मिलीलिटर म्हणजे स्वयंपाकघरांतला चमचा नव्हे. बाटलीबरोबरचें मापाचें झांकणच वापरावें.

येत्या रविवारीं मिस्सेनंतर आपल्या घरच्या सर्व गोळ्या, जुन्या नव्या, एका पिशवींत घालून सभागृहांत आणाव्यात. आपल्यांतील परिचारिका भगिनी तेथें बसतील. नांव कोणाचेंही लिहून घेतलें जाणार नाहीं.