अस्मानी आता कुठे राहिली?

(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



आम्ही रत्नागिरीचे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुम्ही सातशे-आठशे मिलिमीटरवर कापूस आणि ज्वारी काढता. मग आम्ही तुम्हाला सांगायला आलो तरी काय? एका शब्दाबद्दल बोलायला आलो आहोत. तो शब्द म्हणजे अस्मानी.

आपल्या वाडवडिलांनी संकटांचे दोन ढीग लावले होते. पाऊस गेला, गारा पडल्या, टोळ आले, की ती अस्मानी. सारा वाढवला, लेव्ही लादली, भाव पाडला, की ती सुलतानी. सुलतानीशी भांडायचे आणि अस्मानी सोसायची. हे नुसते दोन शब्द नाहीत. जाब कुणाला विचारायचा आणि हात कुणाला जोडायचे, हे त्यांतून ठरत आले. शेतकऱ्याचे तत्त्वज्ञान म्हणायचे तर ते हेच.

आमचे म्हणणे असे, की हे दोन ढीग आता वेगळे राहिलेले नाहीत. आमच्या जिल्ह्यातलेच दाखले देतो.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. भेंदवाडी वाहून गेली, माणसे गेली. धरण गळते आहे, अशी गावकऱ्यांची तक्रार आधीच होती. त्यावेळच्या मंत्र्यांनी सांगितले, खेकड्यांनी धरण पोखरले! ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली-मंडणगडातल्या नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. त्याच सुमारास खेड तालुक्यातल्या पोसऱ्याच्या बौद्धवाडीवर डोंगर कोसळला.

आता यातले अस्मानी कोणते आणि सुलतानी कोणते, सांगा. चिपळुणात पाऊस प्रचंड झाला, हे खरे. पण नदी गाळाने भरलेली होती, हेही खरे. वरच्या अंगाला कोयनेची वीज तयार करून सोडलेले पाणी याच वाशिष्ठीत येते, हेही खरे. पूर पावसाचा की कोळकेवाडी धरणाच्या पाण्याचा, हा वाद पुढे कितीतरी दिवस चालला. बौद्धवाडी डोंगराच्या पायथ्याशीच का होती? गावातली सपाट, सुरक्षित जागा कुणाच्या वाट्याला आली आणि उताराची कुणाच्या, हे काही पावसाने ठरवले नव्हते.

आणि पाऊस तरी निव्वळ अस्मानी राहिला आहे का? कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत. हवा एक अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. ते बाष्प एकदम कोसळते. पुण्याच्या हवामान संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले, की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० पासून अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीने वाढल्या. उमललेल्या बोंडावर पडणारा, कणसातली ज्वारी काळी पाडणारा पाऊस आभाळातूनच येतो. पण त्या आभाळात माणसाच्या धुराड्यांचा धूर आहे.

जगातले पंडितही आता हाच विचार करू लागले आहेत. जर्मनीच्या उलरिख बेक यांनी १९८६ साली मांडले, की आजवरचे भांडण संपत्तीच्या वाटपाचे होते, पुढचे भांडण धोक्याच्या वाटपाचे असेल. दीपेश चक्रवर्ती या बंगाली इतिहासकारांनी २००९ साली लिहिले, की निसर्गाचा इतिहास वेगळा आणि माणसाचा वेगळा, ही भिंत आता पडली. आपल्या भाषेत सांगायचे तर अस्मानी-सुलतानीची भिंत पडली.

पण इथे सावध राहिले पाहिजे. ‘माणसाने हवा बिघडवली’ असे म्हटले, की सगळी माणसे एका रांगेत उभी होतात. अमेरिकेतला माणूस वर्षाला सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतातला सरासरीने दोन टन. त्या दोन टनांतही शहरातल्या बंगल्याचा वाटा किती आणि जिरायती शेतकऱ्याच्या घराचा किती, हे तुम्हीच ठरवा. फुल्यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याची दैना नुसत्या पावसाच्या खात्यावर मांडली नाही. सरकारी जंगल खाते, सारा आणि नोकरशाही यांचा हिशेब मागितला. बंधारे घाला, पाणी-माती शेतात अडवा, असेही सांगितले. तसाच हिशेब आता आभाळाचा मागायचा आहे.

दुसरा सापळा याहून मोठा. काल खेकड्यांवर खापर फोडले, उद्या हवामानबदलावर फोडतील. ‘जगाचे हवामान बदलले, त्याला आम्ही काय करणार?’ असे उत्तर तुमच्या कानावर आलेच असेल. म्हणजे सुलतानी पुन्हा अस्मानीचे पांघरूण घेऊन बसली! हवामान बदलले म्हणून गाळ काढायची, धरण दुरुस्त करायची जबाबदारी संपत नाही, उलट दुप्पट होते. चिपळूणकरांनी हे ओळखले. त्यांनी साखळी उपोषण केले, तेव्हा कुठे वाशिष्ठीतला गाळ निघू लागला.

शब्दांचा खेळ जगभर चालतो. १९९२ साली सगळ्या देशांनी मान्य केले, की जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही. मात्र २०१५ साली पॅरिसमध्ये श्रीमंत देशांनी लिहून घेतले, की यातून नुकसानभरपाईचा हक्क निघणार नाही. २०२२ साली नुकसानीसाठी निधी करायचे ठरले, पण तोही मदत म्हणूनच. आपल्याकडे तलाठी पंचनामा करतो, त्यानंतर जे मिळते त्याला काय म्हणतात? मदतच. मदत देणाऱ्याच्या मर्जीची असते. भरपाई हे देणे असते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पिकांबरोबर मातीही खरवडून गेली. गेलेल्या पिकाचा पंचनामा होतो, पण गेलेली माती किती वर्षांची होती हे कुठल्या रकान्यात लिहायचे? आमचा नारळ-पोफळीचा बाग वादळाने जातो, तेव्हा पुढची आठ-दहा वर्षे जातात. नोंद मात्र एका हंगामाची होते.

तेव्हा मागणी शब्दापासून बदलायची. मदत नको, भरपाई हवी. ती एका पिकाची नको, मातीची आणि गेलेल्या वर्षांची हवी. आणि निर्णय गावात व्हावा. माधव गाडगीळ समितीने २०११ साली पश्चिम घाटाविषयीच्या अहवालात हेच सांगितले, की काय राखायचे ते ग्रामसभेला विचारून ठरवा. आमच्यापैकी अनेकांनी तो अहवाल न वाचताच विरोध केला, ही कबुली देतो.

कबुली आणखीही आहे. डोंगरात वणवे लावणारे, सरपणासाठी राई तोडून विकणारे, चिऱ्याच्या खाणीला जमीन देणारे आमचेच भाऊ होते. भाव मिळत नव्हता, घर चालवायचे होते, हे खरे. पण कारण सांगितल्याने डोंगर उभा राहत नाही. तुमच्याकडेही कुणी बांध फोडले असतील, कुणी नाला बुजवला असेल. दुसऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याने आपली वही आधी उघडी ठेवावी. त्यात आपले देणे थोडे निघेल, येणे फार निघेल. म्हणून वही उघडायला भ्यायचे कारण नाही.

वाडवडील अस्मानी सोसत आले, कारण आभाळाला जाब विचारता येत नव्हता. आता आभाळात कुणाचा किती वाटा, याचा आकडा निघतो. म्हणून आपापल्या गावी परत गेल्यावर एवढेच करा. मागच्या दहा वर्षांत कुठल्या शेतातून किती माती गेली, कुठला नाला बुजला, कधी किती पाऊस एका दिवसात पडला, ते ग्रामसभेत बसून लिहून काढा. आम्ही आमच्या वाड्यांचे लिहायला लागलो आहोत. पुढच्या बैठकीत दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवू.