वजनासाठी उपवास : नियम किती कडक असावा?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)





ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्यासमोर बोलण्याची संधी मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो. या वास्तूने पन्नास वर्षांत कितीतरी अठाया, मासक्षमणे आणि वर्षीतपाची पारणी पाहिली आहेत. तपाविषयी बोलण्याचा अधिकार साधु-साध्वीजींचा आहे, माझा नाही. मी एक सामान्य वैद्यकीय व्यवसायी आहे. म्हणून मी तपाविषयी नव्हे, तर तपासारख्या दिसणाऱ्या एका गोष्टीविषयी चार शब्द बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे वजन कमी करण्यासाठी केला जाणारा उपवास.

गेल्या पर्युषणानंतर आपल्याच समाजातील एक तरुण माझ्या दवाखान्यात आला. त्याने मोबाईलमध्ये १६ तासांचे घड्याळ लावले होते. चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "डॉक्टरकाका, काल १५ तास झाले होते आणि आईने हातात ताकाचा पेला दिला. मी पिऊन टाकला. आता सगळा उपवास वाया गेला का?" मला प्रथम हसू आले. पण नंतर वाटले, हा प्रश्न आज घरोघरी आहे. नियम घ्यावा तर किती कडक घ्यावा? आणि तो मोडला तर काय समजावे?

ही पद्धत आपल्यापर्यंत दोन वाटांनी आली. परदेशात २०१२-१३ च्या सुमारास आठवड्यातील पाच दिवस नेहमीचे जेवण आणि दोन दिवस अत्यल्प आहार ही पद्धत लोकप्रिय झाली. पुढे १६ तास उपवास व ८ तासांत भोजन ही पद्धत तिच्या जागी आली. आपल्या महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत गावोगावी पोहोचविली. ते ऐकून आपल्यापैकी अनेक आजींना "हे तर आमचे बियासन !" असे वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

या विषयावर जे प्रयोग झाले, त्यांतून काय निष्पन्न झाले ते पाहू. २०२० साली अमेरिकेत ११६ जणांवर १२ आठवडे प्रयोग झाला. एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेतच खाल्ले, दुसऱ्याने दिवसातून तीन वेळा. पहिल्या गटाचे वजन सुमारे ९४० ग्रॅम उतरले, दुसऱ्याचे ६८० ग्रॅम. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. २०२२ साली चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला. दोन्ही गटांना आहार सारखाच मोजून कमी दिला होता. एका गटाला तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच घ्यायचा होता. त्या गटाचे वजन ८ किलो उतरले, दुसऱ्याचे ६.३ किलो, संख्याशास्त्राच्या कसोटीवर हाही फरक टिकला नाही. त्यापूर्वी, २०१७ साली, एक दिवसाआड उपवासाचा १०० जणांवरील वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात उपवास करणारे आणि रोज थोडे कमी खाणारे यांचे वजन जवळजवळ सारखेच उतरले. मात्र उपवासाच्या गटातील ३८ टक्के लोकांनी प्रयोग मध्येच सोडला.

याचा अर्थ उपवास निरुपयोगी आहे असा नव्हे. अर्थ एवढाच, की वजन उतरते ते एकूण आहार कमी झाल्याने. घड्याळ हे त्यासाठी एक सोयीचे कुंपण आहे. कुंपणात जादू नसते. पेशी स्वतःची झाडलोट करतात, या संशोधनासाठी २०१६ चे नोबेल पारितोषिक जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळाले, हे खरे. पण त्यांचे मूळ संशोधन यीस्टच्या पेशींवर होते. सोळाव्या तासाला माणसाच्या शरीरात एखादे दार उघडते आणि पंधराव्या तासाला ते बंद असते, असे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून त्या तरुणाला मी सांगितले, "बाळा, तुझे ताक वाया गेले नाही आणि उपवासही वाया गेला नाही."

आता आपल्या परंपरेकडे वळू. सूर्यास्तापूर्वी चौविहार आणि दुसऱ्या दिवशी पोरसी, एवढे पच्चक्खाण जो घेतो, त्याचा महाराष्ट्रात किती तासांचा उपवास होतो? पोरसी म्हणजे सूर्योदयानंतर दिवसाचा एक चतुर्थांश भाग. उन्हाळ्यात हा काळ सुमारे १४ तासांचा होतो, हिवाळ्यात जवळजवळ १६ तासांचा. शिवाय आपले जेवण दिवसाउजेडी होते. २०१८ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरील आठ पुरुषांवर एक लहानसा प्रयोग झाला. दुपारी तीनपूर्वी दिवसाचे शेवटचे जेवण घेतल्यावर, वजन न उतरताही, त्यांच्या शरीरात इन्सुलिनचे कार्य सुधारले. आठ माणसांवरून मोठा निष्कर्ष काढू नये. पण रात्रीभोजनाचा त्याग करणाऱ्याने नव्या पद्धतीपुढे दबून जाण्याचेही कारण नाही.

मात्र येथे आपलेही एक दुखणे आहे. सूर्यास्ताला वीस मिनिटे उरलेली असतात आणि घरात धांदल उडते. खाकरा, फरसाण, मिठाई, वर पेलाभर दूध. जणू उद्या अन्न मिळणारच नाही. बियासनाच्या दोन ताटांत चार ताटे मावतात. मराठीत म्हण आहे, 'एकादशी आणि दुप्पट खाशी'. ती आपल्यासाठी नाही, असे छातीवर हात ठेवून किती जण म्हणू शकतील?

बंधू-भगिनींनो, आता एक प्रसंग सांगतो. तो सांगताना मला संकोच वाटतो, पण तो सांगण्यासाठीच मी येथे उभा आहे.

माझ्या वहिनींना मधुमेह आहे. त्या सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. ती मीच लिहून दिली होती. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींसोबत त्यांनी वजनासाठी १६ तासांचा उपवास सुरू केला. पाच किलो उतरले. त्यांनी उत्साहाने तो १८ तासांवर नेला : संध्याकाळी सहाला जेवण, ते दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला. एका कौटुंबिक कार्यात मी त्यांना पाहून म्हणालो, "वा वहिनी, तुम्ही तर आम्हा सर्वांना मागे टाकलेत !" मी कौतुक केले. गोळीचे काय केले, हे मात्र विचारले नाही.

पुढच्याच महिन्यात स्थानकात प्रवचन सुरू असताना महिलांच्या बाजूला गडबड झाली. मी धावलो. वहिनी घामाने चिंब झाल्या होत्या, हात थरथरत होते. माझ्या पिशवीतील यंत्रावर साखर ४६ आली. कोणीतरी साखरेचे पाणी आणले. वहिनींनी ओठ घट्ट मिटले आणि म्हणाल्या, "अजून चाळीस मिनिटे आहेत, भाऊजी. माझा नियम मोडेल." मी डॉक्टर म्हणून सांगितले, दीर म्हणून विनवले. पेला त्यांनी हाताने दूर सारला. आज मला कळते, की तो सगळा हट्ट त्यांचा नव्हता. मेंदूला साखर अपुरी पडली की माणूस असाच वागतो. पण त्या क्षणी माझे हातपाय गळाले होते.

तेव्हा पाटावरून साध्वीजी शांतपणे म्हणाल्या, "हे पच्चक्खाण नाही, हे वजनाचे वेळापत्रक आहे. आणि पच्चक्खाण असते, तरी त्यात समाधीचे आगार आहे." त्या शब्दांनी वहिनींचे ओठ उघडले. दहा-पंधरा मिनिटांत त्या सावध झाल्या. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आगार ! लहानपणापासून हा शब्द आपण ऐकतो, पण त्याचा विचार किती करतो? पच्चक्खाण देतानाच त्याचे अपवाद उच्चारले जातात. अनाभोग म्हणजे विसरून काही तोंडात गेले तर. सहसाकार म्हणजे अचानक, नकळत घडले तर. पोरसीत तर प्रच्छन्नकालाचेही आगार आहे : ढगांनी सूर्य झाकला आणि वेळेचा अंदाज चुकला तर. आणि सर्वसमाधिप्रत्यय म्हणजे तीव्र पीडेने चित्ताची समाधी ढळू लागली तर. आत्मशुद्धीसाठी घेतलेल्या व्रतात जर एवढा विचार आहे, तर कमरेच्या घेरासाठी घेतलेला नियम त्याहून कठोर असावा, हा कोणता न्याय?

पण आगार म्हणजे पळवाट नव्हे. ते नियम घेताना सांगावे लागते. लाडू खाऊन झाल्यावर जे सुचते, ती सबब असते. कडकपणाचा माझा सारा विचार या एका भेदात आला : अपवाद आधी ठरवा, आणि ठरविलेल्या अपवादांखेरीज नियम मनापासून पाळा.

तेव्हा ज्यांना वजनासाठी असा नियम घ्यायचा आहे, त्यांनी पुढील आगारे आधीच ठेवावीत.

पहिले आगार औषधाचे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांकडून मात्रा व वेळ बदलून घेतल्याशिवाय उपवास सुरू करू नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील गोळ्यांमध्ये दीर्घ उपवासाने रक्तातील आम्ल वाढण्याचा धोका असतो. त्यांविषयीही आधी विचारावे. साखर ७० च्या खाली गेली, तर घड्याळ न पाहता तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी.

दुसरे आगार आजारपणाचे. ताप, उलट्या, जुलाब असतील तेव्हा नियम स्थगित ठेवावा. गरोदर व स्तनपान देणाऱ्या भगिनी, वाढत्या वयाची मुले आणि मुळातच कृश असलेले वृद्ध यांनी वजनासाठी उपवास करूच नये. वृद्धांच्या शरीरातून चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि गेलेले स्नायू सहजी परत येत नाहीत.

तिसरे आगार चुकीचे. एखादा दिवस नियम मोडला, तर दुसऱ्या दिवशी नेहमीचाच नियम पाळावा. काल जास्त खाल्ले म्हणून आज दुप्पट उपवास, आणि त्या भुकेने परवा पुन्हा अतिरेक, या चक्रात अनेक तरुण मुली अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. आपल्याकडे चुकीची आलोचना करतात, स्वतःचा छळ करीत नाहीत.

मग कडक कशात राहावे? माझ्या मते दोन गोष्टींत. एक, रात्री न खाणे. दुसरी, ऊनोदरी. शास्त्रांत पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा आणि स्त्रीचा २८ घासांचा मानला आहे. त्यातील एक घास कमी घेणे, ही देखील ऊनोदरीच. बाह्य तपांच्या सहा प्रकारांत अनशनानंतर लगेच तिचे स्थान आहे. तिला घड्याळ लागत नाही, गाजावाजा लागत नाही, आणि ती वर्षाचे ३६५ दिवस करता येते. रोज सुमारे १०० कॅलरींची एक पोळी कमी केली, तर कागदावरच्या हिशेबाने वर्षाला साडेचार किलोंच्या आसपास चरबी घटते. शरीरही आपला खर्च आखडते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी घटेल. पण जे घटेल ते टिकण्याची शक्यता अधिक. उलट, उपवासाच्या पहिल्या आठवड्यात काट्यावर जे दोन-तीन किलो दिसेनासे होतात, त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. जेवण सुरू झाले की ते परततात.

शेवटी एक नम्र विनंती. वजनासाठी उपवास करण्यात कमीपणा नाही. निरोगी देह हे धर्मसाधनेचे साधन आहे. पण त्याला तपाचे नाव देऊ नये, आणि तपाला वजनाचे साधन करू नये. तपातून ऐहिक फळ मागणे याला आपल्याकडे निदान म्हणतात, आणि तीन शल्यांत त्याची गणना होते. अठाईनंतर तपस्व्याला कोणी "किती किलो उतरले?" असे विचारू नये. तो प्रश्न मीही विचारला आहे; आता विचारीत नाही. कोणी वजन उतरवून भेटले, तर मी आता आधी विचारतो, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" कौतुक त्यानंतर करतो.

वहिनी आजही चौविहार करतात. त्यांची गोळी बदलली आहे, सकाळी नवकारशीनंतर त्या न्याहारी घेतात आणि ताटात एक पोळी कमी वाढून घेतात. गेलेल्या पाच किलोंपैकी दोन परत आले, तीन गेले ते गेले. त्या म्हणतात, "भाऊजी, तेवढे पुरे."

बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम् !

जय जिनेंद्र !