चलनावरचा एक आकडा

चाकणला कंपनीच्या गेटवर टेम्पो येतो, स्टोअरवाला चलन बघतो आणि तेवढी जागा रॅकवर मोकळी करतो. समजा, चलनावर 100 नग आहेत, टेम्पोत मात्र त्याहून जास्त. दोन खराब निघाले, आकडा 98 करायचा. घाईत कारकुनाने शेवटचे दोनच अंक बदलले, पुढचा 1 तसाच राहिला. कागदावर झाले 198! जागा केली होती खऱ्या हिशोबाने 98 नगांची, हमाल मात्र कागद बघून उतरवत बसले 198. उरलेले शंभर शेजारच्या रॅकवर.

बफर ओव्हरफ्लो म्हणतात तो हा घोळ. विंडोजमध्ये नेटवर्कवरून फायली पुरवणारा एक जुना ड्रायव्हर होता. त्यात 32 बिटांचा आकडा दुरुस्त करताना खालचे 16 बिटच बदलले जात. अगदी आपल्या कारकुनासारखं. फरक एवढाच की संगणकात शेजारच्या रॅकवर नुसता माल नसतो, पुढे काय करायचं याच्या सूचनाही तिथंच असतात. हल्लेखोर मुद्दाम जास्तीचा माल पाठवतो आणि त्यातून स्वतःचे हुकूम घुसवतो. ड्रायव्हर चालतो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला. पासवर्ड लागत नाही, कुणी चुकून काही उघडावंही लागत नाही.

मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली 14 मार्च 2017 रोजी. 12 मे रोजी याच फटीतून ‘वॉनाक्राय’ हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, चेन्नईजवळच्या रेनो-निस्सानच्या कारखान्यालाही त्याची झळ लागली. आपल्याला जवळचा फटका बसला तो 27 जूनच्या, हीच फट वापरणाऱ्या ‘नॉटपेट्या’ व्हायरसचा. न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाचं एक टर्मिनल ठप्प झालं. चाकणहून निघालेले कंटेनर याच बंदराची वाट धरतात. क्रेन जागेवर, जहाज धक्क्याला, पण कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हे सांगणारा संगणक गप्प! मर्स्कला पुढे सुमारे 45 हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. आणि एक लक्षात घ्या, नॉटपेट्या पासवर्डही चोरत होता. दुरुस्ती न केलेलं एखादं मशीन सापडलं की त्यातल्या पासवर्डवर तो दुरुस्त केलेल्या मशीनमध्येही शिरायचा.

आता भोसरीच्या गाळ्यांकडे या. व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं संगणकी मशीन, लाखोंची, अजून मायक्रॉनमध्ये काम देते, पण तिच्या पॅनेलमागे विंडोज एक्सपी. त्याचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल 2014 मध्येच काढून घेतला. मे 2017 मध्ये एक्सपीसाठीही खास दुरुस्ती आली, पण मशीनवाला म्हणतो, ‘हात लावाल तर जबाबदारी तुमची.’ गाळ्याचा मालक बिचारा काय करणार? उद्या माल द्यायचा असतो. मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण ते मशीन आणि बिलं करणारा ऑफिसचा पीसी एकाच स्विचवर कशाला हवेत? त्यावरच पाहुण्यांचं वायफाय कशाला? जुन्या मशीनचा स्विच वेगळा करा, मध्ये फायरवॉल ठेवा आणि प्रोग्रॅम पाठवायची परवानगी एकाच संगणकाला द्या. पोर्ट 445, म्हणजे फायली देण्याघेण्याचं दार, बाहेरून येणाऱ्यांसाठी राउटरवरच बंद हवं. तुमच्या नेटवर्कवाल्याला हाच आकडा सांगा, त्याला कळेल. ‘एसएमबी वन’ ही त्याच जुन्या ड्रायव्हरची फायली देण्याघेण्याची पद्धतही बंद करायला सांगा. मात्र थांबा: काही जुन्या मशीनना तेवढीच येते. चालू शिफ्टमध्ये ती बंद केलीत तर सेटर तुमच्या नावाने बोंब मारील. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, मशीनच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलावून हे करून बघा.

तो आलाच आहे तर प्रोग्रॅमबरोबर मशीनचे पॅरामीटरही वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. पॅरामीटर हटकून विसरले जातात. डिस्क काढून कपाटात ठेवा, जोडलेली राहिली तर तीही जाईल. आणि इंजिनिअर जायच्या आत त्या डिस्कवरून एक प्रोग्रॅम परत चढवा आणि जॉब न लावता मशीन एकदा चालवून बघा.