रानातला ग्राउस आणि नवशिका शिकारी



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहिला की महागाई भत्ता, बोनस नाहीतर टाळेबंदी यांवरच बोलणार, अशी आपली अपेक्षा असणार. चालकांनी मात्र मला निराळीच आज्ञा केली. उत्तर अमेरिकेतील कामगारांत तुम्ही दोन शरदऋतू काढलेत, त्यांच्याबरोबर रानात हिंडलात, त्याविषयी सांगा, असे ते म्हणाले. माझे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकापाशी आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पक्षिशास्त्राचा पंडित म्हणून मी बोलत नाही. मी स्वतः बंदूकही चालविली नाही. कागद गिरणीत उभे आयुष्य घालविलेल्या एका म्हाताऱ्या फिटरच्या मागून मी मिशिगन आणि मिनेसोटा या राज्यांच्या उत्तर भागात पायपीट केली. तो नवशिक्या पोरांना जे शिकवीत असे, ते मी ऐकले आणि पाहिले. तेच आज आपणांपुढे ठेवतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती झाली हे योग्यच झाले. तेव्हा कोणी बंदूक घ्यावी म्हणून मी हे सांगत नाही. परंतु आपली पुष्कळ मुलेमुली आज डेट्रॉइट, शिकागो, मिनिआपोलिस या बाजूस नोकरीला आहेत. सप्टेंबर उजाडला की शेजारी त्यांस म्हणतो, चल, ग्राउसला जाऊ. त्यांना चार गोष्टी माहीत असाव्यात, हे एक कारण. दुसरे कारण आपल्या सर्वांच्या कामाचे आहे. ते बोलण्याच्या ओघात येईल.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊ. ग्राउस हा कोंबडीच्या कुळातला. आपल्याकडे खरा ग्राउस नाही. तितरापेक्षा मोठा आणि रानकोंबडीपेक्षा लहान, असा अंदाज धरा. मी सांगतो आहे तो मानेवर पिसांची झालर असलेला, इंग्रजीत ज्याला रफ्ड ग्राउस म्हणतात तो. वजन साधारण अर्धा ते पाऊण किलो. रंग वाळल्या पाल्यासारखा, कुठे करडा तर कुठे तांबूस. पाच पावलांवर बसलेला असला तरी दिसत नाही. वसंतात नर एखाद्या पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून हवेत पंख फडफडवितो. दूर कोठे कोणी ढोलावर थाप देत आहे, आणि ती हळूहळू जलद होत आहे, असा तो आवाज येतो. हिवाळ्यात त्याच्या बोटांच्या कडांना कंगव्यासारखे दाते फुटतात आणि त्यांच्या आधाराने तो भुसभुशीत बर्फावर चालतो. रात्री त्याच बर्फात बुडी मारून झोपतो. असा हा काटक प्राणी.

आता नवशिक्याचा पहिला धडा. तो बंदुकीचा नाही, रान वाचण्याचा आहे. नवखा मनुष्य उंच, गर्द, जुने रान पाहून तिकडे धावतो आणि दिवसभर चालून रिकाम्या हाताने परततो. ग्राउस राहतो तो कोवळ्या रानात. तिकडे अ‍ॅस्पेन नावाचे एक झाड आहे. ते तोडले की त्याच्या मुळांतून असंख्य धुमारे फुटतात आणि थोड्याच वर्षांत अशी दाट जाळी होते की माणसाला आडवे होऊन शिरावे लागते. म्हातारा सांगे, ‘खोडे मनगटाएवढी जाड झाली की तिथे जा.’ तोड होऊन साधारण आठदहा वर्षे झाल्यापासून वीसपंचवीस वर्षे होईपर्यंत हे रान पक्ष्याला मानवते. वरून शिकारी पक्षी झडप घालू शकत नाही, खाली पिलांना किडे मिळतात. जवळ जुनी अ‍ॅस्पेनची झाडे असली म्हणजे हिवाळ्यात त्यांच्या कळ्या खावयास मिळतात.

त्यातही जाळीच्या मधोमध भटकण्यापेक्षा कडा धराव्यात. कोवळे रान जिथे सुरूच्या जातीच्या काळ्या झाडीला भिडते ती कड, ओढ्याकाठच्या आल्डरच्या झुडुपांची कड, लाकूड वाहण्याच्या जुन्या वाटेची कड. वाटेवर तिपानी क्लोव्हर उगवतो, तो खाण्यास आणि खडे टिपण्यास पक्षी दुपार कलल्यावर बाहेर येतो. पहिला पक्षी हाती आला की त्याच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी तिथल्या तिथे उघडून पाहावी. तीत क्लोव्हरची पाने निघाली, डॉगवुडची पांढरी फळे निघाली की हेझलचे तुरे निघाले, यावरून उरलेल्या दिवसाचा रस्ता ठरवावा. कामगारांची सभा भरवावयाची तर प्रथम त्यांचा डबा कुठे खाल्ला जातो ते पाहावे, असे आम्ही कार्यकर्ते म्हणतो. त्यातलाच हा प्रकार.

दुसरा धडा चालण्याचा. नवशिका एका चालीने झपाझप चालत राहतो. पक्षी त्याची पावले ऐकत गप्प बसतो आणि त्याला पुढे जाऊ देतो. म्हणून वीसपंचवीस पावले चालावे आणि थांबावे. अर्धा मिनिट, मिनिटभर उभे राहावे. त्या शांततेने पक्षी अस्वस्थ होतो. आपणास पाहिले, असे त्याला वाटते, आणि तो भर्रकन उठतो. मात्र थांबावयाचे ते जिथे बंदूक फिरविण्यास मोकळी जागा आहे तिथे. फांद्यांत अडकून थांबलात तर पक्षी उडालेला फक्त ऐकू येईल. त्या पंखांचा आवाज एवढा अकस्मात येतो की पहिल्या दहा वेळा मनुष्य दचकतोच. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

उडालेला पक्षी फार लांब जात नाही. शंभर-दोनशे यार्डांत बहुधा खाली बसतो. तो कोणत्या दिशेला गेला ते नीट पाहून, थोडा वळसा घेऊन, सावकाश पुन्हा जावे. ही दुसरी संधी पुष्कळदा पहिलीपेक्षा बरी असते. रानात शिरण्यापूर्वी रस्ता आपल्या कोणत्या बाजूस आहे ते होकायंत्रावर पाहून ठेवावे, आणि मोबाइलवर सारी भिस्त ठेवू नये. तिथल्या रानाला डोंगराची खूण नसते. ढगाळ दिवशी चारी दिशा एकसारख्या दिसतात.

तिसरा धडा हत्याराचा, आणि यात कसूर चालत नाही. छऱ्यांची हलकी दुनळी, वीस किंवा बारा बोअरची, तोंड मोकळे असलेली, पुरते. कारण बहुतेक बार वीसपंचवीस यार्डांच्या आतले असतात. छर्रा बारीक, साडेसात किंवा आठ नंबरचा. पाने गळल्यावर सहा नंबरचाही चालतो. बंदुकीचे तोंड कोणत्याही माणसाकडे वा कुत्र्याकडे कधीही वळता कामा नये. बोट चापाबाहेर. खटका बंदूक खांद्याला लागतानाच उघडावयाचा. ओंडका ओलांडताना काडतुसे बाहेर. गाडीत भरलेली बंदूक ठेवणे तिकडे गुन्हा आहे. दोघेतिघे मिळून चालत असाल तर एका रेषेत चालावे, मधूनमधून हाक देत राहावे, आणि प्रत्येकाने आपल्या समोरच्या पट्ट्यातच बार टाकावा. नुसत्या आवाजावर किंवा हललेल्या फांदीवर कधीही नाही. भडक नारिंगी टोपी व अंगरखा घालावा, कायद्यानेही तो रंग लागतो. काटक्यांपासून डोळे वाचविण्यास चष्मा घालावा. कारखान्यात आम्ही सुरक्षेचे नियम भिंतीवर लावतो. तो म्हातारा म्हणे, ‘रानात भिंत नाही, म्हणून नियम डोक्यात लावायचा.’

चौथा धडा न मारण्याचा. त्याच रानात सुरूच्या काळ्या झाडीत स्प्रूस ग्राउस नावाचा भाऊबंद राहतो. तो इतका भोळा की माणसाला पाहून फांदीवर तसाच बसून राहतो. मिशिगनमध्ये त्याला मारण्यास बंदी आहे. विस्कॉन्सिनमध्ये तो १९९७ पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे. मिनेसोटात मात्र परवानगी आहे. ओळख शेपटीवर करावी. रफ्ड ग्राउसच्या शेपटीला टोकाच्या अलीकडे काळा पट्टा असतो, स्प्रूस ग्राउसच्या काळपट शेपटीचे टोक तांबूस असते. शंका आली की बंदूक खाली.

बार टाकल्यावर पक्षी पडला असे वाटले तर त्या जागेवरची नजर हलवू नये. सरळ तिथे जावे, टोपी फांदीला टांगावी आणि तिच्याभोवती वाढती वर्तुळे घेत शोधावे. पाल्याच्या रंगाचा पक्षी पाल्यात पडलेला असतो. म्हातारा एका पक्ष्यासाठी पाऊण तास शोधताना मी पाहिला आहे. न सापडलेला जखमी पक्षी तो आपल्या दिवसाच्या हिशेबात धरी. मिनेसोटात आणि मिशिगनच्या उत्तर भागात एका माणसाला दिवसाचे पाच पक्षी एवढी मर्यादा आहे. नियम दरवर्षी छापून निघतात, ते त्या त्या वर्षी वाचावेत. मिशिगनमध्ये १९६० पासून पुढे जन्मलेल्यास आणि मिनेसोटात १९७९ नंतर जन्मलेल्यास सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय साधा परवाना मिळत नाही. आमच्या पोरांनी तिथूनच सुरुवात करावी.

आता ते दुसरे कारण सांगतो.

ग्राउस म्हटले की पुष्कळांना स्कॉटलंडचा, इंग्लंडचा लाल ग्राउस आठवतो. तिथली शिकार हाक्याची. १२ ऑगस्टला ती सुरू होते. हाकारे ओळीने माळ तुडवीत पक्षी पुढे काढतात आणि आडोशामागे उभे असलेले धनिक बार टाकतात. संस्थानी अमदानीत आपल्याकडे साहेबाच्या शिकारीला गावचे गाव वेठीस धरून हाका घालावा लागे. त्यांच्या नातवंडांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. हे माळ राखीव. डार्बीशायरमधील किंडर स्काउट हा असाच ग्राउसचा माळ. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार बंदी मोडून त्यावर चढले. आठवडाभर गिरणीच्या धुरात काढल्यावर रविवारी मोकळी हवा हवी, एवढीच त्यांची मागणी. वीस वर्षांचा बेनी रॉथमन त्यांचा पुढारी. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. इंग्लंडमध्ये अशा माळांवर पायी हिंडण्याचा सर्वसाधारण हक्क कायद्यात यावयास २००० साल उजाडावे लागले.

मिशिगनचे रान मी पाहिले ते या पार्श्वभूमीवर. तिथे राज्याच्या मालकीचे जंगलच सुमारे ४० लाख एकर आहे, शिवाय मध्यवर्ती सरकारचे निराळे. कागद गिरणीचा फिटर आणि त्या गिरणीचा मॅनेजर एकाच परवान्याने, एकाच वाटेने आत शिरतात. हाकारे नाहीत, आडोसे नाहीत. ज्याचे पाय चांगले, ज्याची नजर चांगली, त्याचा पक्षी. मारलेला पक्षी बाजारात विकता येत नाही, घरीच खावा लागतो. हे आपोआप घडलेले नाही. एकोणिसाव्या शतकात तिथे बाजारासाठी बेसुमार कत्तल चाले. कोट्यवधींच्या थव्यांनी उडणाऱ्या प्रवासी कबुतराची शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. १८९६ मध्ये गीअर विरुद्ध कनेक्टिकट हा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तो ग्राउस आणि इतर पक्षी राज्याबाहेर नेण्यासंबंधीचाच होता. रानातले पाखरू सर्व जनतेचे, राज्य केवळ विश्वस्त, असे न्यायालयाने म्हटले. १९७९ मध्ये तो निकाल फिरविला गेला, तरी विश्वस्ताची कल्पना राज्यांच्या कायद्यांत टिकून आहे. १९३७ च्या कायद्यान्वये शिकारीच्या बंदुका व काडतुसे यांवरील कर वन्यप्राण्यांसाठीच खर्च होतो. आज तो ११ टक्के आहे.

हे चित्र निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. ही जमीन मुळात ऑजिब्वे लोकांची. १८३७ च्या तहात त्यांनी मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनकडची जमीन सोडली, पण शिकारीचा हक्क राखून ठेवला. तो हक्क खरा आहे हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घेण्यास १९९९ साल यावे लागले. आणखी एक धागा पाहा. कागदाला अ‍ॅस्पेनचे लाकूड लागते, म्हणून तोड होते, म्हणून कोवळे रान उगवते. विस्कॉन्सिन रॅपिड्सची मोठी कागद गिरणी २०२० साली बंद पडली तेव्हा सुमारे ९०० कामगार घरी बसले. अशा गिरण्या बंद पडल्या की लाकडाला गिऱ्हाईक राहत नाही, रान म्हातारे होत जाते आणि पक्षी विरळ होतो. कामगाराचे पोट आणि पाखराचे घरटे एकाच मुळावर उभे असते, हे मला तिथे समजले.

आणि सामाईक मालकी एकदा मिळाली म्हणजे कायमची राहते, असेही नाही. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांतील सरकारी जमिनी विकण्याचा प्रस्ताव सिनेटपुढे आला. शिकारी, मासे धरणारे, डोंगर चढणारे, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांचे मतदार, सारे एक झाले आणि त्याच महिन्यात प्रस्ताव मागे घ्यावा लागला. यास आम्ही आमच्या भाषेत एकजूट म्हणतो.

आपल्याकडे बंदूक नाही, पण गायरान आहे, देवराई आहे, गावचे माळरान आहे. त्यांचा मालक कोण, हा प्रश्न आपल्या दाराशी रोजच येतो आहे. म्हाताऱ्याने नवशिक्यांना प्रथम रान वाचावयास शिकविले, मग चालावयास, मग थांबावयास, आणि बंदूक सर्वांत शेवटी हातात दिली. आपल्या गावची सामाईक जमीन किती, कोठून कोठवर, आणि तीवर कोणते पाखरू उतरते, एवढे तरी आपण प्रत्येकाने पायी चालून पाहून यावे. जी जमीन कोणी चालून पाहिलेली नाही, ती कागदावर नाहीशी होण्यास वेळ लागत नाही.