संसार आणि स्वर : बहिणाबाईंच्या गाण्याचा वारसा



गायक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तंबोरा, बैठक आणि समोर बसलेले श्रोते उभे राहतात. गाण्याला रियाज हवा, रियाजाला निवांतपणा हवा आणि संसाराच्या धबडग्यात तो मिळणे कठीण, अशी आपली समजूत असते. ही समजूत खोटी नाही. परंतु ती पुरीही नाही. ज्यांनी तंबोऱ्याला कधी हात लावला नाही, ज्यांच्यासाठी कोणी बैठक मांडली नाही, अशा असंख्य स्त्रियांनी खानदेशात गाणी रचली, त्यांना चाल दिली आणि ती गाइली. त्यांपैकी ज्यांचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या मुखी झाले, त्या बहिणाबाई चौधरी.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या असोदे या गावी, महाजनांच्या घरात झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऐन उमेदीत वैधव्य आले. पदरी दोन मुलगे व एक मुलगी, डोक्यावर शेतीचा व घराचा भार. अक्षरओळख नव्हती. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या गाण्यांचे एकही पुस्तक निघाले नव्हते.

त्यांच्या गाण्यांचे विषय पाहावेत, म्हणजे संसार आणि सर्जन यांचे नाते ध्यानात येते. जाते, चूल, विहिरीवरची मोट, पेरणी, उफणणी, आखाजीचा सण, पोळा, सुगरणीचा खोपा, एवढेच काय, जळगावात पाहिलेला छापखानादेखील. स्वतःला वाचता न येणाऱ्या स्त्रीने छापखान्यावर गाणे रचावे, यातच त्यांच्या जिज्ञासेची साक्ष आहे. दिवसाचे काम हाच त्यांच्या गाण्याचा ऐवज होता.

परंतु केवळ विषय घरातले असल्याने गाणे होत नाही. जात्यावरच्या ओवीची घडण समजून घेतली पाहिजे. जात्याचा खुंटा धरून हात फिरू लागला की त्याला एक ठरावीक गती येते. ती गती म्हणजे ओवीचा ताल. घास टाकताना किंवा श्वास घेताना जिथे थांबावे लागते, तिथे चरण संपतो. हात राबत असतात, पण मन मोकळे असते. समोर बसून दळणारी सासू, जाऊ किंवा शेजारीण ही ओवीची पहिली श्रोती आणि पुष्कळदा दुसरी गायिकाही. ताल, मोकळे मन आणि ऐकणारे माणूस या तीन गोष्टी जुळल्या, म्हणून जात्यापाशी गाणे जन्मले.

मात्र यावरून कष्ट हेच कलेचे माहेर, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. पहाटेच्या अंधारात पायलीभर धान्य दळणे ही हौस नव्हती. त्या कष्टांनी किती जणींचा आवाज गिळला, याची मोजदाद कोणी केली नाही. गावोगावी पिठाची गिरणी आली आणि स्त्रीची मान मोकळी झाली, हे चांगलेच झाले. उणीव राहिली ती एवढीच की जाते उठले, पण गाण्याला दुसरी जागा कोणी दिली नाही. वाचलेला वेळ दुसऱ्या कामांनी भरून गेला. घरातील कामाची वाटणी नीट झाली, तरच घरातल्या गायिकेला तिची घटका परत मिळेल.

बहिणाबाईंचे गाणे टिकले कसे, हे त्याहूनही महत्त्वाचे. त्यांचे पुत्र सोपानदेव हे पुढे स्वतः नामवंत कवी झाले. त्यांनी व त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी आईच्या तोंडची काही गाणी वहीत उतरवून ठेवली होती. ती आचार्य अत्रे यांच्या पाहण्यात आली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटाने ती घरोघरी पोहोचवली. २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. या साऱ्या गौरवाच्या मुळाशी घरातल्या मुलाने केलेली एक साधी वही आहे. जी गाणी त्या वहीत उतरली नाहीत, ती बहिणाबाईंबरोबरच गेली.

ऐकलेले लिहून ठेवण्याची परंपरा खानदेशाला नवी नाही. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने ऐकता ऐकता टिपून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ झाला. त्याच गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या वेचून ‘स्त्री-जीवन’ हा संग्रह सिद्ध केला. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या; त्यांत गाणारीचे नाव आणि गाव यांनाही मान दिला.

शिरपूर तालुक्याचे धन निराळे आहे. बहिणाबाईंचे गाणे लेवा गणबोलीत आहे. इथे अहिराणी आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी व भिल्ली बोली आहेत. आखाजीला गौराईची व झोक्यावरची गाणी होतात, श्रावणात कानबाईची होतात. ती ज्यांना मुखोद्गत आहेत, त्या आजीबाई आपल्याच घरात आहेत.

म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून प्रत्येकी एक गाणे घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीकडून लिहवून घ्यावे. गाणारीचे नाव, गाव, प्रसंग आणि गाताना कोणते काम चाले, हे सोबत नोंदवावे. बोली शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये; शब्द जसा उच्चारला तसाच लिहावा व अर्थ बाजूला द्यावा. कागदावर चाल उतरत नाही, तेव्हा गाणारीची संमती घेऊन मोबाईलवर आवाजही जपावा. ग्रामपंचायतीने अशा वह्यांसाठी वाचनालयात एक कपाट राखावे. यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. गरज आहे ती आई गात असताना हातातले काम बाजूला ठेवून ऐकणाऱ्या मुलाची.