नावाला बट्टा



‘फेस व्हॅल्यूवर घेणे’ हा इंग्रजी वाक्प्रचार आपली मुले आता सर्रास वापरतात. नाण्यावर वा कागदावर छापलेली किंमत तीच खरी किंमत धरायची. म्हणजेच समोरच्याचे बोलणे न तपासता मानायचे. आमच्या घरात यासाठी शब्द नव्हता. छापील किमतीत जी तूट येते तिला मात्र होता. बट्टा.

कंपनी सरकारने १८३५ साली एकच रुपया चालू केला. त्याआधी टांकसाळी अनेक आणि रुपयेही अनेक. सराफ नाणे वाजवून नाद ऐकायचा, तोलायचा आणि मग सांगायचा, याला इतका बट्टा. ‘खणखणीत’ आणि ‘बंदा रुपया’ ही त्याच व्यवहारातली भाषा. माणसांनाही आपण ती लावतो. झिजलेल्या नाण्याला बट्टा, हिणकस नाण्याला बट्टा. पण तिसरे एक कारण होते. चोख नाणेही परमुलखात गेले की बट्टा द्यावा लागे. नाण्यात खोट नसे. तिथे ते चलनी नसे, इतकेच.

हे आपल्याला तरी समजावून सांगायला नको. बेळगावात १८१८ पासून इंग्रजांचा अंमल आणि लगतचे शहापूर सांगली संस्थानात. खडेबाजार इकडेही आणि तिकडेही. चार पावले टाकली की राज्य बदलायचे!

‘नावाला बट्टा लागला’ म्हणताना मात्र आपण फक्त खोट मोजतो. ते तिसरे कारण भाषेतून गळाले.

माझी भाची पुण्याला शिकायला गेली. पहिल्याच आठवड्यात “मी जातो” म्हणाली आणि खोलीतल्या मुली हसल्या. आपल्याकडच्या बायका असेच बोलतात. माझी आजीही बोलायची. तिचा फोन आला, “मामा, माझं मराठी चुकतंय काय?” मी घाईत सांगून टाकले, “तिथं तिथल्यागत बोल.” सल्ला सराफी होता, बट्टा द्या आणि पुढे चला. तिने त्यातून खोट तेवढी उचलली. दिवाळीला घरी आली, तर आईशीही “मी जाते.” ताई भाजी निवडता निवडता थांबली. बोलली काही नाही.

परवा निघताना मी तिला उंबऱ्यातच बट्ट्याची गोष्ट सांगायला लागलो. बसची वेळ झाली होती, अर्धीच झाली. उरलेली आज तुम्हांला सांगितली.